यलोस्टोनचा हिंवाळा

राष्ट्रीय उद्यान म्हटलें कीं उन्हाळ्याच्या सुटींतील चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. रस्ते मोकळे आहेत, हॉटेलें उघडीं आहेत, मुलेंबाळें बरोबर आहेत आणि दूर कुरणांत जनावरें संथपणें चरत आहेत, असें तें चित्र असतें. जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान जें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यलोस्टोन, त्याचेंहि चित्र पुष्कळ वर्षें असेंच रंगविलें जात होतें. परंतु त्या उद्यानाचा इतिहास चाळून पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट आढळून येते. त्याची कीर्ति उन्हाळ्यांत पसरली, पण त्याचें भवितव्य हिंवाळ्यांत ठरलें. ज्या महिन्यांत तेथें बहुधा कोणी फिरकत नसे, त्याच महिन्यांत तेथील वन्य पशु राहणार कीं नामशेष होणार, याचा निकाल लागला. त्या बर्फांत कोण गेले, कशासाठीं गेले आणि त्यांच्या जाण्यानें काय घडलें, हा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे.

यलोस्टोनचा बहुतेक भाग वायोमिंग संस्थानांत मोडतो. कडेच्या थोड्या पट्ट्या माँटाना व आयडाहो या शेजारच्या संस्थानांत शिरल्या आहेत. क्षेत्रफळ सुमारें साडेतीन हजार चौरस मैल, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून कांहींसें अधिक. रॉकी पर्वताच्या रांगांनीं वेढलेलें हें पठार समुद्रसपाटीपासून सरासरी आठ हजार फूट उंच आहे. महाबळेश्वरची उंची साडेचार हजार फुटांच्या आंतबाहेर आहे, आणि यलोस्टोन तर काश्मीरच्याहि बरेंच उत्तरेस, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तेथील थंडीची थोडीशी कल्पना येईल. तेथील हिंवाळा म्हणजे शेकोटी, हुरडा आणि पहांटेचें धुकें नव्हे. वर्षाकाठीं सरासरी दीडशें इंच बर्फ पडतो, आणि उंच शिखरांवर तर याहून पुष्कळच अधिक. एकशें छत्तीस चौरस मैलांचें यलोस्टोन सरोवर गोठून त्यावर बर्फाचा जाड थर जमतो. ता. ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं उद्यानाच्या पश्चिम सीमेजवळील एका चौकीवर पारा शून्याखालीं ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सियसच्या मापानें शून्याखालीं ५४ अंशांपर्यंत उतरला होता.

असें असूनहि या गोठलेल्या प्रदेशाच्या पोटांत विस्तव धगधगत आहे. उष्ण झरे, चिखलाचे उकळते हौद आणि वाफेचीं भोकें मिळून अशीं दहा हजारांहून अधिक स्थळें तेथें आहेत. आणि जगांतील उष्णोदकाच्या उसळत्या कारंज्यांपैकीं सुमारें निम्मीं एकट्या यलोस्टोनमध्यें आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कारंजें म्हणजे 'ओल्ड फेथफुल', अर्थात् 'जुना इमानी'. ठराविक अंतरानें शंभराहून अधिक फूट उंच उसळणाऱ्या या कारंज्याला तें नांव १८७० सालीं आलेल्या शोधक प्रवाशांच्या एका तुकडीनें दिलें. उन्हाळ्यांत त्याची वाफ हवेंत विरून जाते. हिंवाळ्यांत तीच वाफ शेजारच्या देवदारांवर गोठते आणि झाडेंच्या झाडें पांढऱ्या भुतांप्रमाणें उभीं राहतात.

पशूंच्या दृष्टीनें या उष्णतेचें महत्त्व शोभेपुरतें नाहीं. जेथें जमीन उबदार असते तेथें बर्फाचा थर पातळ राहतो, आणि खालचें वाळलेलें गवत तोंडाला लागतें. या पठारावरचा सर्वांत मोठा प्राणी बायसन होय. आपल्या दाजीपूरच्या गव्याचा तो दूरचा भाऊबंद; अमेरिकन लोक मात्र त्याला नुसती 'म्हैस' म्हणतात. त्याच्या खांद्यावरील मोठ्या उंचवट्यांत मानेचे बळकट स्नायु असतात. त्यांच्या जोरावर तो आपलें अवजड डोकें नांगराप्रमाणें डावीउजवीकडे फिरवून बर्फ बाजूला सारतो आणि खालचें गवत खातो. तें गवत निःसत्त्व असतें. त्यावर पोट भरतें, अंग भरत नाहीं. शरद् ऋतूंत अंगावर सांठविलेल्या चरबीवर हें जनावर वसंतापर्यंत कसेंबसें तग धरतें. अशा वेळीं त्याला धांवावयास लावलें तर ती शिल्लक खर्च होते. आणि खोल बर्फांत पिटाळलें तर तें छातीपर्यंत रुतून जागच्या जागीं उभें राहतें. हिंवाळ्यांतील बायसनच्या या असहायतेवरच पुढील सारी कथा उभारलेली आहे.

या पर्वतांत गोऱ्या माणसाच्या पूर्वीं कोणी राहत नव्हतें, अशी समजूत बरेच दिवस पसरविण्यांत आली होती. ती खरी नाहीं. शोशोन जातीची एक शाखा, जिला 'मेंढे खाणारे' असें नांव पडलें होतें, ती याच उंच प्रदेशांत वस्ती करून असे. डोंगरी मेंढ्यांच्या शिंगांपासून हे लोक धनुष्यें बनवीत आणि त्या धनुष्यांची कीर्ति दूरवर होती. येथील काळ्या ज्वालामुखी कांचेच्या कड्यावरून माणसें हजारों वर्षें बाणांचीं टोंकें घडवून नेत आलीं होतीं. उद्यान स्थापन झाल्यानंतर थोड्याच वर्षांत या लोकांना तेथून हालवून सरकारनें राखून दिलेल्या वस्त्यांवर धाडण्यांत आलें. ज्यांना येथल्या हिंवाळ्याची पिढ्यान्पिढ्यांची माहिती होती, तेच असे बाहेर गेले. आणि त्या हिंवाळ्याची ओळख नवागतांना पुन्हां पहिल्यापासून करून घ्यावी लागली.

ता. १ मार्च १८७२ रोजीं अध्यक्ष ग्रँट यांनीं यलोस्टोन उद्यानाच्या कायद्यावर सही केली. हा प्रदेश विकावयाचा नाहीं, त्यावर वसाहत होऊं द्यावयाची नाहीं, तो लोकांच्या उपयोगासाठीं व आनंदासाठीं राखून ठेवावयाचा, असें त्या कायद्यानें ठरलें. कल्पना मोठी उदात्त होती. पण तिच्याबरोबर एक पैदेखील मंजूर झाली नाहीं. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड यांना वेतन नव्हतें. कायदा मोडणाऱ्यास काय शिक्षा करावी, तेंहि कोठें सांगितलेलें नव्हतें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कातड्यांचे व्यापारी बर्फ पडतांच उद्यानांत शिरत आणि एल्क जातीचीं सांबरासारखीं मोठीं हरणें कळपाकळपानें मारून नेत.

१८८० सालीं हॅरी यौंट नांवाच्या एका अनुभवी शिकाऱ्याची शिकाररक्षक म्हणून नेमणूक झाली. हा गृहस्थ उन्हाळ्यांत पाहणी करून परत गेला नाहीं. त्यानें लमार नदीच्या खोऱ्यांत झोंपडी बांधून सबंध हिंवाळा तेथें काढला, कारण एल्क व बायसन यांचीं हिंवाळी कुरणें तेथेंच होतीं. पुढच्या वर्षीं त्यानें राजीनामा दिला. परंतु जातांना आपल्या अहवालांत त्यानें स्पष्ट लिहिलें कीं, एवढ्या प्रदेशाचें रक्षण एका माणसाच्यानें होणें अशक्य आहे, त्यासाठीं निवडक व विश्वासू माणसांचें एक लहानसें दलच पाहिजे. आज अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांचे रक्षक यौंटला आपला मूळ पुरुष मानतात. त्या वेळीं मात्र त्याच्या सूचनेकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. १८८३ सालीं उद्यानांत शिकारीस बंदी झाली. ती मोडणाऱ्याला कायद्यानें शासन करण्याची सोय तेव्हांहि झाली नाहीं.

१८८६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें उद्यानासाठीं पैसे देण्याचें साफ नाकारलें. तेव्हां निरुपाय होऊन सरकारनें तें लष्कराच्या स्वाधीन केलें. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें कॅप्टन मोझेस हॅरिस घोडदळाची एक तुकडी घेऊन तेथें आले. ही व्यवस्था तात्पुरती म्हणून झाली आणि तीस वर्षांहून अधिक काळ टिकली.

लगेच पुढच्या हिंवाळ्यांत, जानेवारी १८८७ मध्यें, यलोस्टोनचा हिंवाळा केवळ पाहण्यासाठीं जाणारी पहिली मोठी मोहीम निघाली. तिचे प्रमुख फ्रेडरिक श्वाट्का यांनीं उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत घसरगाडीनें फार लांबचा प्रवास केलेला होता. पण या पठारावर थोडेच मैल गेल्यावर त्यांची प्रकृति बिघडली व त्यांना परतावें लागलें. त्यांच्याबरोबर असलेले छायाचित्रकार जे हेन्झ ते तीन सोबत्यांना घेऊन पुढें गेले. ओल्ड फेथफुल, यलोस्टोनचा धबधबा, गोठलेल्या दऱ्या यांचीं हिंवाळ्यांतील पहिलीं छायाचित्रें त्यांनीं घेतलीं. परत येतांना वॉशबर्न पर्वतावर हिमवादळानें त्यांना गांठलें. अन्न जवळजवळ नाहीं, वाट दिसत नाहीं, अशा स्थितींत तीन दिवस भटकून ते चौघे कसेबसे जिवंत बाहेर पडले. तीं छायाचित्रें लोकांनीं पाहिलीं तेव्हां त्यांना प्रथमच कळलें कीं, हॉटेलांना कुलपें लागल्यावरहि तेथें एक जग जागें असतें.

सैनिकांना हें जग नाइलाजानें ओळखीचें करून घ्यावें लागलें. घोडेस्वार म्हणून भरती झालेल्या या तरुणांना हिंवाळ्यांत घोडे निरुपयोगी होत. पुढून वर वळविलेल्या लांब, अरुंद लाकडी पट्ट्या पायांना बांधून त्यांना बर्फावर घसरत जावें लागे. त्या काळीं त्यांना 'नॉर्वेचे बर्फजोडे' म्हणत. आज त्यांनाच स्की म्हणतात. हातीं एकच लांब काठी असे. उतारावर तिच्यावर भार टाकून वेग आवरावयाचा. चौक्यांच्या दरम्यान लहान लहान लाकडी झोंपड्या बांधल्या होत्या, आणि त्यांत हिंवाळ्यापूर्वींच शिधा, सरपण व पांघरूणें भरून ठेवीत. दोघे तिघे मिळून अशा झोंपडींतून त्या झोंपडींत गस्त घालीत. कांहीं जण वाटेंत वादळांत सांपडून गोठून मेले. अशा पहाऱ्यांत शौर्याचीं पदकें मिळत नाहींत.

एवढें करूनहि एखादा चोरटा शिकारी हातीं लागला तर काय? त्याचें सामान जप्त करावयाचें आणि त्याला उद्यानाच्या सीमेबाहेर नेऊन सोडावयाचें, यापलीकडे अधिकार नव्हता. तिकडे बायसन दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले होते. एके काळीं उत्तर अमेरिकेच्या मैदानांवर त्यांची संख्या कोट्यवधि होती. कातड्यांच्या व्यापारासाठीं त्यांची अशी कत्तल झाली कीं, १८९० च्या सुमारास मोकळे रानटी कळप जवळजवळ उरले नाहींत. जे उरले त्यांतील मुख्य यलोस्टोनमध्यें होते. माल जितका दुर्मिळ तितकी त्याची किंमत अधिक. त्यामुळें भिंतीवर लावण्याजोग्या एका मस्तकाला शेंकडों डॉलर देणारे हौशी श्रीमंत निघाले. जी गोष्ट वांचवावयाची ती वांचविण्याची गरज जसजशी वाढली, तसतसा ती मारण्यांतला फायदाहि वाढला.

अशा परिस्थितींत १८९४ चा मार्च उजाडला. सरोवराच्या उत्तरेस पेलिकन नांवाचें एक खोरें आहे. तेथील उबदार जमिनीच्या आधारानें बायसनांचा एक कळप हिंवाळा काढीत असे. उद्यानाबाहेरील कुक सिटी या खाणकामगारांच्या गांवचा एडगर हॉवेल नांवाचा माणूस तेथें तळ देऊन बसला होता. त्यानें आपला शिधा घसरगाडीवर घालून एकट्यानें ओढीत आणला होता. ता. १३ मार्च रोजीं लष्कराचा वाटाड्या फेलिक्स बर्जेस व त्याचा एक सैनिक सोबती यांना बर्फांत घसरगाडीच्या खुणा दिसल्या. त्या धरून जातां झाडाला टांगलेलीं बायसनांचीं सहा मस्तकें आढळलीं. इतक्यांत बंदुकीचे बार ऐकूं आले. पुढें जाऊन पाहतात तों उघड्या मैदानांत पांच बायसन मरून पडले आहेत, आणि एक माणूस ओणवा होऊन त्यांतील एकाचें कातडें सोडवीत आहे.

हॉवेलपाशीं दूर पल्ल्याची रायफल होती. बर्जेसपाशीं फक्त रिव्हॉल्व्हर. मध्यें सुमारें चारशें यार्ड उघडें मैदान, आडोशाला एक झुडूपदेखील नाहीं. हॉवेलनें एकदां मान वर केली असती तर बर्जेस तेथेंच आडवा झाला असता. परंतु वारा जोराचा होता, हॉवेलच्या टोपीची कड डोळ्यांवर आली होती, आणि त्याचा कुत्रा मेलेल्या बायसनच्या आडोशाला अंग चोरून निजला होता. वाटेंत एक चर आला. तोहि बर्जेसनें पायांतल्या पट्ट्यांसह उडी मारून ओलांडला आणि अगदीं जवळ जाऊन हॉवेलला हात वर करावयास सांगितलें. कैद्याच्या पायांना जोड्यांऐवजीं गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. पुढें त्यानें मोठ्या बेफिकिरीनें हिशेब सांगितला: आपण पकडले गेलों तर सव्वीस डॉलर पंचाहत्तर सेंट किंमतीचें सामान जाणार होतें, सुटलों असतों तर दोन हजार डॉलर पदरांत पडणार होते. कायद्याचा कमकुवतपणा याहून थोडक्यांत कोणास सांगतां आला नसता.

योगायोग असा कीं, त्याच वेळीं 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाचे वार्ताहर एमर्सन हफ हे उद्यानांत होते. बायसन खरोखर किती उरले आहेत हें पाहण्यासाठीं ते स्कीवरून फिरत होते. छायाचित्रकार हेन्झहि त्यांच्या मंडळींत होते. नॉरिस येथील चौकीवर कैद्याची व वार्ताहराची गांठ पडली. हफ यांनीं हकीकत तारेनें ताबडतोब रवाना केली. साप्ताहिकाचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल हे वर्षानुवर्षें उद्यानासाठीं कायदा मागत होते. पण उद्यानांतून आगगाडीचा रस्ता नेऊं पाहणाऱ्या लोकांच्या विरोधामुळें प्रत्येक वेळीं विधेयक अडून बसे. आतां त्यांच्या हातीं आंकडे नव्हे तर प्रत्यक्ष घटना आली. बर्फांत मरून पडलेल्या बायसनांचीं चित्रें व त्या माणसाचा तो हिशेब वाचून लोक खवळले. आयोवा संस्थानचे प्रतिनिधि जॉन लेसी यांनीं पंधरा दिवसांच्या आंत विधेयक मांडलें, आणि ता. ७ मे १८९४ रोजीं अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं त्यावर सही केली. यापुढें उद्यानांतील पशु मारणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकत होती. बावीस वर्षें जें झालें नाहीं तें एका हिंवाळी प्रवासानें आठ आठवड्यांत घडवून आणलें.

कायदा झाला म्हणून संकट टळलें, असें मात्र नव्हे. चोरट्या शिकारी चालूच राहिल्या, आणि १९०२ सालीं मोजदाद झाली तेव्हां उद्यानांत मूळ कळपांपैकीं जेमतेम दोन डझन बायसन उरले होते. तेहि पेलिकन खोऱ्याच्या आसपासच होते. बर्फ आणि बंदूक या दोहोंतून त्यांना तारलें तें त्या उबदार जमिनीनें व स्कीवर फिरणाऱ्या सैनिकांच्या पहाऱ्यानें. त्याच वर्षीं काँग्रेसनें पंधरा हजार डॉलर मंजूर केले, आणि माँटाना व टेक्सास येथील खासगी कळपांतून एकवीस जनावरें विकत आणून एक नवा कळप सुरू करण्यांत आला. पुढें लमारच्या खोऱ्यांत या कळपासाठीं गोठे व कुंपणें झालीं, आणि पाळीव गुरांप्रमाणें त्यांना हिंवाळ्यांत वाळलेलें गवत घालण्यांत येऊं लागलें. १९५० नंतर लवकरच ती व्यवस्था बंद झाली व बायसन पुन्हां आपल्या मानेच्या जोरावर जगूं लागले. अलीकडच्या वर्षांत त्यांची संख्या चार ते सहा हजारांच्या दरम्यान राहिली आहे.

एप्रिल १९०३ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे निसर्गलेखक जॉन बरोज यांच्यासह उद्यानांत आले, तेव्हां उंच भागावर अजून खोल बर्फ होता. राष्ट्राच्या अध्यक्षांनीं व त्या पांढऱ्या दाढीच्या वृद्ध लेखकांनीं स्कीवर घसरण्याचा प्रयोग केला. परंतु अशा पाहुण्यांचा अपवाद सोडला तर हिंवाळ्यांत तेथें राहणारे लोक म्हणजे चौक्यांवरील शिपाई आणि हॉटेलांचे राखणदार. मोठमोठ्या हॉटेलांच्या छपरांवर सांठणारा बर्फ करवतीनें कापून खालीं लोटणें, हें या राखणदारांचें काम. तो वेळेवर उतरविला नाहीं तर त्याच्या भारानें छप्परच बसावयाचें.

१९१६ सालीं राष्ट्रीय उद्यानांचें स्वतंत्र खातें निघालें आणि १९१८ सालीं सैनिकांनीं आपला पहारा नागरी रक्षकांच्या हवालीं केला. गस्तीची पद्धति तीच राहिली. झोंपड्याहि पुष्कळशा त्याच. मात्र रक्षणाच्या कल्पनेंत त्या काळीं एक मोठें वैगुण्य होतें. हरणें व बायसन राखावयाचे म्हणून लांडग्यांना वेंचून मारण्यांत आलें. १९२६ च्या सुमारास उद्यानांतील शेवटचे लांडगे मारले गेले, आणि पुढील जवळजवळ सत्तर हिंवाळ्यांत तेथें त्यांची आरोळी उठली नाहीं.

दुसरें महायुद्ध संपल्यावर यंत्राचा शिरकाव झाला. जानेवारी १९४९ मध्यें पश्चिमेच्या दाराकडून 'स्नोप्लेन' नांवाच्या गाड्या आंत आल्या. खालीं स्की, वर दोघातिघांपुरती पेटी आणि मागें विमानाचा पंखा, असें तें वाहन जमिनीवरून उडाल्यासारखें घसरत जाई. त्या महिन्यांत एकंदर पस्तीस प्रवाशांनीं अशी सफर केली. १९५५ पासून दहा-बारा माणसें नेणाऱ्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या बंदिस्त गाड्या सुरू झाल्या. १९६३ पासून एकट्यादुकट्यानें हांकावयाच्या स्नोमोबाइल आल्या. आजूबाजूच्या गांवांतील व्यापारी तर रस्त्यांवरील सर्व बर्फ काढून मोटारी आंत सोडाव्या, अशी मागणी करीत होते. ती उद्यान खात्यानें मान्य केली नाहीं. त्याऐवजीं १९६८ सालीं बर्फावरून चालणाऱ्या वाहनांना मोकळीक देण्याचें ठरलें, आणि १९७१ पासून ओल्ड फेथफुल येथें हिंवाळी प्रवाशांसाठीं निवासस्थान उघडलें. मोठें अरिष्ट टाळण्यासाठीं पत्करलेली ही मधली वाट पुढें स्वतःच वादाचें मूळ झाली.

१९९० नंतरच्या दशकांत हिंवाळ्यांतील प्रवाशांची संख्या लाखाच्या वर गेली. गर्दीच्या दिवशीं हजारांहून अधिक स्नोमोबाइल आंत शिरत. त्यांच्या निळ्या धुरानें पश्चिमेच्या दारावरील रक्षकांचें डोकें दुखे. पुढें पुढें तर त्यांना तोंडावर मुखपट्ट्या बांधून तिकिटें द्यावीं लागलीं. ज्या शांततेसाठीं माणसें येत होतीं ती त्यांच्याच वाहनांच्या आवाजानें नाहींशी होऊं लागली. त्यांत १९९६-९७ चा हिंवाळा अत्यंत कडक आला. बर्फावर पाऊस पडून तो गोठला व गवतावर जणूं कांचेचें झांकण बसलें. भुकेलेले बायसन खालच्या भागाकडे, उद्यानाच्या सीमेपलीकडे निघाले. त्यांच्यापासून गुरांना गर्भपाताचा रोग जडेल, या भीतीनें माँटानांत त्यांतील एक हजारांहून अधिक ठार करण्यांत आले. शंभर वर्षांपूर्वीं एका माणसानें अकरा मारले तेव्हां राष्ट्र हळहळलें होतें. आतां हें काम सरकारी माणसांच्या हातून झालें.

तेव्हां प्रश्न निघाला कीं, वाहनांसाठीं दाबून कठीण केलेल्या वाटा बायसनांना बाहेर पडण्यास मदत करितात काय? शास्त्रज्ञांत यावर मतभेद झाले. प्राणिरक्षक संस्थांनीं सरकारवर दावा लावला. स्नोमोबाइल वापरणाऱ्यांनीं व त्यांवर पोट भरणाऱ्या गांवांनीं उलट दावे लावले. एका अध्यक्षाच्या कारकीर्दींत स्नोमोबाइल बंद करण्याचें ठरलें, दुसऱ्याच्या कारकीर्दींत तें फिरलें, आणि वॉशिंग्टन व वायोमिंग येथील न्यायालयांनीं परस्परविरुद्ध निकाल दिले. दोन्ही बाजूंचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. उद्यान लोकांच्या आनंदासाठीं आहे हें कायद्याचेंच वचन; आणि तें मूळ स्वरूपांत राखावयाचें, हेंहि त्याच कायद्याचें वचन. अखेर २०१३ सालीं नियम पक्के झाले. दिवसाला ११० पर्यंतच फेऱ्या, म्हणजे एक बंद गाडी किंवा स्नोमोबाइलची एक तुकडी मिळून एक फेरी. यंत्रें कमी धुराचीं व कमी आवाजाचीं. आणि प्रत्येक तुकडीबरोबर जबाबदार वाटाड्या.

याच वादाच्या धामधुमींत एक जुनें वैगुण्य मात्र भरून निघालें. जानेवारी १९९५ मध्यें कॅनडांतून आणलेले चौदा लांडगे उद्यानाच्या उत्तरेकडील दारांतून आंत आले, आणि पुढच्या वर्षीं आणखी सतरा. कांहीं आठवडे कुंपणांत ठेवून त्यांना मोकळें सोडण्यांत आलें. ज्या लमार खोऱ्यांत यौंटनें एकट्यानें पहारा केला, तेथेंच आज हिंवाळ्याच्या पहांटे माणसें रस्त्याच्या कडेला दुर्बिणी लावून लांडग्यांची वाट पाहत कुडकुडत उभीं राहतात. पांढऱ्या बर्फावर काळे-करडे लांडगे दुरूनहि स्पष्ट दिसतात, म्हणून त्यांना पाहण्यास हिंवाळाच उत्तम.

आजहि मोटारींसाठीं बारमाही उघडा राहणारा रस्ता एकच, उत्तरेच्या दारापासून लमार खोऱ्यांतून ईशान्येस कुक सिटीकडे जाणारा. तेंच हॉवेलचें गांव. बाकीच्या अंतर्भागांत डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत नेमस्त वाहनांनीं, नाहींतर स्कीवरून जावें लागतें. बायसनपासून पंचवीस यार्ड आणि लांडगा किंवा अस्वल यांपासून शंभर यार्ड अंतर ठेवावें, असा दंडक आहे. पुष्कळांस तो आपल्या सुरक्षिततेसाठीं आहे असें वाटतें. तें खरेंच, पण त्यांत त्या जनावराचेंहि हित आहे. बर्फांत निमूटपणें उभा असलेला बायसन आळसावलेला नसतो. वसंतापर्यंत पुरवावयाची शिदोरी तो जपून खर्च करीत असतो, आणि जवळून छायाचित्र मिळावें म्हणून त्याला चार पावलें पळविणारा प्रवासी नकळत त्या शिदोरींत हात घालतो.

यलोस्टोनच्या उदाहरणानें पुढें जगभर राष्ट्रीय उद्यानें निघालीं. भारतांत पहिलें उद्यान हिमालयाच्या पायथ्याशीं १९३६ सालीं झालें. महाराष्ट्रांतील ताडोबा १९५५ सालीं. त्या प्रत्येक ठिकाणीं हाच प्रश्न वेगळ्या ऋतूंत उभा राहतो. कोठें तो मे महिन्यांतील आटलेल्या पाणवठ्याचा असतो, कोठें दिव्यांच्या व मोटारींच्या गर्दीचा. प्रवासी आले नाहींत तर रान कोणाच्या आस्थेचा विषय होत नाहीं. हफ आणि हेन्झ बर्फांत गेले नसते तर लेसींचा कायदा झाला नसता. प्रवासी अनावर आले तर ज्यासाठीं यावयाचें तेंच उरत नाहीं. या दोहोंमधील माप एकदां ठरवून मोकळें होतां येत नाहीं. प्रत्येक पिढीला तें आपल्या काळापुरतें पुन्हां ठरवावें लागतें, आणि ज्या दिवसांत जनावर सर्वांत दुबळें असतें, त्या दिवसांकडे पाहून ठरवावें लागतें.